कोट्रवै एकटी उभी होती : प्राचीन तमिळांची देवी, शिव आणि त्यांची उशिरा जुळलेली गाठ

कावेरीकाठ

मासी या तमिळ महिन्याच्या शेवटच्या रविवारी समयपुरमच्या मारिअम्मनवर टोपल्याच्या टोपल्या फुलं रिती होतात आणि त्या दिवसापासून २८ दिवस देवी उपास धरते. भक्तांनी देवीसाठी धरलेला हा उपास नव्हे, देवीनेच भक्तांसाठी धरलेला. नैवेद्याला शिजवलेलं काही नाही. गुळाचं पानक, ताक, शहाळं एवढंच. तिरुचिरापल्लीला राहायला आले त्या वर्षी हे पहिल्यांदा ऐकलं आणि शेजारच्या निवृत्त तमिळ शिक्षिकेला (सगळी गल्ली त्यांना टीचरम्मा म्हणते) विचारलं, हिचे यजमान कोण? त्या म्हणाल्या, "आईला यजमान कशाला हवेत?"

त्या उत्तराने मला कामाला लावलं. गेली सहा वर्षं रविवारी संध्याकाळी त्यांच्याकडे बसून संगम कविता, म्हणजे दीड-दोन हजार वर्षांपूर्वीच्या तमिळ कविता, वाचते आहे. एकेक ओळ, एकेक शब्द. त्यातून जे हाती लागलं ते मांडते. आपल्याकडे "शिव-शक्ती हे दक्षिणेतलं आदिम जोडपं" असं सर्रास लिहिलं जातं. जुन्या तमिळ कवितेत मला ते जोडपं दिसत नाही. तिथे देवी वेगळी आहे, शिव वेगळा आहे, आणि त्यांचा संसार बराच नंतर मांडला गेला आहे.

आधी देवी. तोल्काप्पियम हा तमिळचा सर्वांत जुना व्याकरणग्रंथ. त्यात भूप्रदेश, म्हणजे तिणै, देवांना वाटून दिले आहेत. मुल्लै म्हणजे कुरणं, ती मायोनची, काळ्या देवाची. कुरिंजी म्हणजे डोंगर, तो सेयोनचा, लाल देवाचा, म्हणजे मुरुगनचा. मरुदम या शेतजमिनीचा वेंदन, नेय्दल या किनाऱ्याचा वरुणन. शिव या यादीत नाही. देवीही नाही. पण युद्धाच्या प्रकरणात, शत्रूची गुरं पळवायला निघालेल्या वीरांच्या संदर्भात, कोट्रवै येते. 'कोट्रम' म्हणजे विजय, आणि ही विजयाची धनीण. पुढच्या भाष्यकारांनी तिला पालै हा पाचवा प्रदेश दिला. पालैला स्वतःची जमीन नसते. उन्हाळ्यात मुल्लै आणि कुरिंजी करपून गेले की जे उरतं ते पालै. वाटमारीची, ताटातुटीची भूमी. तिथे ही उभी.

तिची पूजा कशी होत असे? कुरुंतोगै या संगम संग्रहातली २१८वी कविता बघा. प्रियकर पालैतून परगावी गेलाय, मैत्रीण काळजीत आहे, आणि नायिका तिला म्हणते : डोंगरकपारीतल्या त्या शूर सूलीला नवस बोलायचा नाही, हाताला दोरा बांधायचा नाही, पाखरांचे शकुन बघायचे नाहीत, कुणाच्या तोंडून शुभ शब्द पडतो का म्हणून ताटकळत उभं राहायचं नाही. जिवाचा जीव असून जो आपल्याला विसरून तिकडे राहू शकतो, त्याची आठवणसुद्धा काढायची नाही. रुसलेली बाई जे-जे नाकारते आहे, तीच त्या काळातल्या बायकांची नेहमीची रीत असली पाहिजे. नवस, हातातला दोरा, शकुन. सूली म्हणजे शूळ धारण करणारी. दीड-दोन हजार वर्षांपूर्वीची ती कविता वाचताना मला आमच्या गावच्या देवळातल्या खांबांना गुंडाळलेले दोरे दिसतात.

आता शिव. जुन्या संगम कवितांत 'शिव' हे नाव येत नाही. येतात ती वर्णनं : तीन डोळ्यांचा, वडाखाली बसलेला, निळ्या कंठाचा. पुरनानूरु या दुसऱ्या संग्रहातल्या ६व्या कवितेत कवी पांड्य राजा मुदुकुडुमीला सांगतो, तुझं छत्र झुकायचंच असेल तर मुनी ज्याला पुजतात त्या त्रिनेत्राच्या देवळाला प्रदक्षिणा घालताना झुको. आणि ९१वी कविता तर माझी सर्वांत आवडती. अदियमान या सरदाराला अवघड कड्यावरचा एक आवळा मिळाला. खाणाऱ्याचं मरण टळेल असं त्या आवळ्याचं गुपित होतं. त्याने गुण मनातच ठेवला आणि फळ अव्वैयार या कवयित्रीच्या हातावर ठेवलं. ती त्याला आशीर्वाद देते : माथ्यावर दुधासारखी चंद्रकोर आणि नीलमण्यासारखा कंठ असलेल्या त्या एकासारखा तू टिकून राहा, राजा. ज्याने विष पचवलं आणि जो मेला नाही, त्याची उपमा मरण दुसऱ्यासाठी दूर सारणाऱ्याला! एवढ्या सहज येते ती, म्हणजे ऐकणाऱ्यांना हलाहलाची गोष्ट आधीच ठाऊक होती.

म्हणजे शिव त्या काळी ओळखीचा आहे, आदराचा आहे, पण कवितेत तो लांबचा आहे. डोंगरात अंगात येतं ते मुरुगनचं. रणात रक्त मागते ती कोट्रवै. शिवाजवळ बायको फारशी नाही, आणि कोट्रवैजवळ नवरा नाही. मुलगा मात्र आहे. तिरुमुरुगाट्रुप्पडै या नक्कीररच्या कवितेत मुरुगनला एका दमात 'कोट्रवैच्या मुला', 'त्या जुन्या बाईच्या बाळा' आणि 'पर्वतकन्येच्या पुत्रा' अशा हाका मारल्या आहेत. ही कविता संग्रहातल्या उशिराच्या कवितांपैकी धरतात, आणि तिच्यात शिवाशेजारी उमाही आहे. रानातली जुनी बाई आणि हिमालयाची लेक या दोघी एकाच मुलाच्या आई झाल्या, ती जागा इथे अगदी बोट ठेवून दाखवता येते.

सिलप्पदिकारम या कण्णगी नावाच्या बाईच्या महाकाव्यापर्यंत (साधारण ५वं-६वं शतक) सांधा पुरा होतो. त्यात वेट्टुव वरी नावाचा सर्ग आहे. पारधी लोकांनी एका कुमारिकेला कोट्रवै म्हणून सजवलं आहे. केस चांदीच्या नागाच्या पिल्लासारख्या दोरीने वर बांधलेले, त्यात रानडुकराचा सुळा खोचलेला, तीच चंद्रकोर. गळ्यात वाघाच्या दातांची माळ, कमरेला वाघाचं कातडं, हातात धनुष्य, आणि बसवलंय काळविटावर. मग सगळे देवीचं स्तोत्र म्हणतात. त्यात ती हत्तीचं कातडं पांघरून, रानरेड्याच्या काळ्या मस्तकावर उभी आहे, कपाळावर डोळा आहे, कंठात विष आहे. शिवाच्या साऱ्या खुणा तिच्या अंगावर!

त्याच वेळी अंगात आलेली बाई वाटसरू कण्णगीकडे बोट दाखवून म्हणते, ही कोंगू देशाची राणी, ही दक्षिण तमिळ देशाची बाई, तपाचं फळ. आणि कण्णगी लाजून, म्हातारी काहीतरीच बोलते असं पुटपुटत, नवऱ्याच्या पाठीमागे लपते आणि हसते. पुढे नवरा अन्यायाने मारला गेल्यावर हीच बाई आपला स्तन उपटून फेकते आणि मदुरै जाळते. चेर राजा तिच्यासाठी हिमालयातून शिळा आणतो. श्रीलंकेत ती पत्तिनी म्हणून आजही पुजली जाते.

तुम्हाला काय वाटतं ते लिहा. विशेषतः कुणी मूळ तमिळ वाचणारं असेल तर.

---

रानवाट

ताई, धागा दोनदा वाचला. कण्णगीचं लपणं तर डोळ्यांपुढून जात नाही. एक शंका : मोहेंजोदडोची पशुपती मुद्रा विसरून कसं चालेल? शिव तिथूनच दक्षिणेत आला असं सगळे म्हणतात.

---

कावेरीकाठ

रानवाट, त्या मुद्रेला शिवाचं नाव जॉन मार्शल यांनी १९३१मध्ये दिलं. त्या लिपीतलं एकही अक्षर आजवर सर्वमान्यपणे वाचलं गेलेलं नाही. मुद्रा आणि पहिली तमिळ कविता यांच्यामध्ये दीड हजारांहून जास्त वर्षं पडतात. एवढ्या मोठ्या दरीवर मुद्रेवरच्या शिंगांचा आधार घेऊन पूल टाकायची माझी तयारी नाही. तमिळ भूमीतच हाताला लागेल असं आहे, ते आधी बघू या.

---

सेंदूर

लेख चांगला आहे पण निष्कर्ष घाईचा वाटतो. पुरनानूरुची सुरुवातच शिवस्तुतीने होते. बहाव्याची माळ घातलेला, ज्याच्या अर्ध्या अंगात स्त्री आहे असा देव पहिल्याच कवितेत आहे. अकनानूरु आणि ऐंगुरुनूरु यांच्या सुरुवातीलाही तोच. मग 'जोडपं दिसत नाही' हे कसं? शिवाय 'शिव' शब्द तमिळ 'सिवप्पु' म्हणजे लाल यावरून आला असं मी वाचलंय. देव मूळचाच तमिळ असेल तर तो 'लांबचा' कसा?

---

कावेरीकाठ

सेंदूर, मुद्दा महत्त्वाचा आहे, म्हणून सविस्तर लिहिते.

त्या मंगलाचरणाच्या कविता पेरुंदेवनार या कवीच्या आहेत. संग्रह बांधताना त्या पुढे जोडल्या गेल्या. त्याने कुरुंतोगैला मुरुगन दिला, नट्रिणैला विष्णू दिला आणि तुम्ही म्हणता त्या तिन्हींना शिव. आतल्या कविता त्याच्याआधी काही शतकं गायल्या गेल्या होत्या. घराच्या दारावरची गणेशपट्टी बघून घराचं वय ठरवता येत नाही, तसं आहे हे. उलट ती मंगलाचरणं माझ्याच बाजूने बोलतात : संग्रह बांधेपर्यंत अर्धनारी शिव पहिल्या पानावर आला होता, आतल्या पानांत तो तसा नाही.

'सिवप्पु'बद्दल : ऋग्वेदात 'शिव' हे रुद्राचं विशेषण आहे, कल्याणकारी या अर्थाने. आणि जुन्या तमिळात 'लाल देव' म्हटलं की तो सेयोन, मुरुगन. उच्चार जुळला म्हणून व्युत्पत्ती जुळत नाही.

पण तुमच्या बाजूनेही एक गोष्ट आहे आणि ती मी मूळ लेखात टाकायला हवी होती. पट्टिनप्पालै या कवितेत कावेरीच्या मुखाशी असलेल्या चोळांच्या बंदराचं वर्णन आहे. त्याच कवितेत, चोळ राजाने उजाड केलेल्या शत्रूच्या गावांत पूर्वी काय असे ते सांगताना, एक 'पोदियिल' येते, गावाची चावडी म्हणा. त्यात 'कंदु' म्हणजे एक खांब रोवलेला आहे आणि त्या खांबात देव राहतो. युद्धात पकडून आणलेल्या बायका घाटावर बुडी मारतात, तिन्हीसांजेला न विझणारा दिवा लावतात, सारवलेल्या जमिनीवर फुलं मांडतात, गावोगावचे वाटसरू तिथे पथारी टाकतात आणि लोक हात जोडतात. कुठला देव ते कवी सांगत नाही. पुढे लिंगपूजेला तमिळ मातीत इतकी घट्ट मुळं धरता आली त्यामागे हे खांब असावेत असं मला मनापासून वाटतं. चिदंबरमच्या 'अंबलम'मध्येही तोच अर्थ आहे, गावाने जमायची जागा.

---

मुळाकाठचा

+१. गुडीमल्लम राहिलंच की. रेणीगुंट्याजवळ आहे, आज आंध्रात, पण तो जुना तोंडैमंडलमचा, म्हणजे उत्तर तमिळ प्रदेशाचा टापू. मी चार वर्षांपूर्वी गेलो होतो. गाभाऱ्यात दोन पायऱ्या उतरून जावं लागतं. साधारण पाच फुटी लिंग, आणि त्याच्या पुढच्या अंगाला शिकाऱ्यासारखा उभा शिव, एका बुटक्या यक्षाच्या खांद्यांवर. उजव्या हातात मेंढा खाली डोकं करून धरलाय, डाव्या हातात गडू, खांद्यावर परशू. जानवं नाही. काळ काही इसवी सनापूर्वीचा धरतात, काही दोन-तीन शतकं नंतरचा. शेजारी देवी नाही! तुमच्या म्हणण्याला हा दगडातला दाखला.

---

निंबोणी

वाचतेय. देवीला माणसाचा बळी द्यायचे का हो तिकडे?

---

कावेरीकाठ

निंबोणी, स्वतःचा द्यायचे. वेट्टुव वरीतच पारधी म्हणतात, आमच्या गळ्यातून सांडणारं रक्त घे. महाबलीपुरमला द्रौपदी रथात, ७व्या शतकातल्या पल्लव शिल्पात, देवी शांत उभी आहे आणि पायाशी गुडघ्यावर बसलेला एक जण स्वतःचं मस्तक उतरवायच्या बेतात आहे. तमिळ गावांमधून असे दगड सापडतात, स्वतःचा गळा चिरणारा वीर कोरलेले. त्याला नवकंडम म्हणतात.

वीराच्या दगडाचीच पूजा हा तर तिथला फार जुना धर्म आहे. आपल्याकडे वीरगळ, तिकडे नडुकल. पुरनानूरु ३३५मध्ये मांगुडी किळार सरळ म्हणतो की शत्रूला अडवून पडलेल्यांच्या दगडांखेरीज भाताचे दाणे उधळून पुजावा असा दुसरा देव आम्हाला नाही. २००६मध्ये तेनी जिल्ह्यात पुलिमानकोंबै इथे तमिळ-ब्राह्मी लेख असलेले असे दगड मिळाले, त्यांतला एक गुरांच्या लढाईत मेलेल्याचा. कोट्रवै याच गुराखी-लढवय्यांची देवी. तिचा जन्म शोधायचा तर मंदिरांच्या आधी या दगडांपाशी जायला हवं.

---

तंजावूरचे_पाहुणे

मी तंजावूरची. आमच्या घरी साडेतीनशे वर्षं दक्षिणी मराठी बोलतात, त्यामुळे लिहिण्यात चूक झाली तर सांभाळून घ्या.

समयपुरमचं वाचलं म्हणून पुन्नैनल्लूरचं सांगते. तंजावूरपासून जवळच. व्यंकोजीराजे, म्हणजे शिवाजीमहाराजांचे सावत्र भाऊ, समयपुरमला दर्शनाला गेले असता देवीने स्वप्नात येऊन "मी तुझ्याच गावाजवळ पुन्नैच्या रानात आहे" असं सांगितलं, अशी आमच्याकडची कथा. रान साफ केलं तर तिथे वारूळ. आजही मूर्ती वारुळाच्या मातीचीच आहे. म्हणून तिला पाण्याचा अभिषेक होत नाही. काही वर्षांनी एकदा तैलकाप्पु लावतात, सुगंधी तेलांचा लेप, आणि ते ४८ दिवस मूर्तीचं दर्शन बंद. तेव्हा कापडावर काढलेल्या देवीला नमस्कार करायचा. माझ्या आजीने एकदा अशा दिवसांत मला नेलं होतं. पडद्यामागून तेलाचा वास येत होता आणि समोर चित्र. मी विचारलं, आई कुठे आहे? आजी म्हणाली, न्हातीय.

उन्हाळ्यात तिच्या चेहऱ्यावर घामाचे थेंब दिसतात, लोक त्याला मुत्तु म्हणतात, मोती. मुत्तुमारी. आणि अंगावर देवीचे फोड आले तरी मुत्तुच म्हणतात. तमिळमध्ये 'अम्मै' म्हणजे आई आणि 'अम्मै' म्हणजेच देवीचा रोग. मराठीतही रोगाला 'देवी'च म्हणतात ना? दोन्ही भाषा बोलणाऱ्या घरात वाढले म्हणून लहानपणी हे एकच वाटायचं. 'मारी' म्हणजे पाऊसही. पाऊस आणि ताप दोन्ही तिच्याच हातात. कोट्रवैसुद्धा कोरड्या पडलेल्या रानाची देवी, असं तुम्ही लिहिलंत. मारिअम्मनचे कितीतरी उत्सवही ऐन उन्हाळ्याच्या तोंडावर.

---

रानवाट

क्या बात! आमच्याकडची मरीआई हीच का मग? कडकलक्ष्मी, पोतराज, आसूड?

---

तंजावूरचे_पाहुणे

नाव आणि रीत तर हीच वाटते. पोतराज म्हणजे तेलुगू पोतुराजु, सात बहिणींचा भाऊ. तमिळनाडूत द्रौपदी अम्मनच्या देवळांत पोत्तुराजा नावाचा रखवालदार उभा असतो. आणि मारिअम्मनची एक कथा रेणुकेचीच आहे. परशुराम आईचं डोकं उडवतो, मग जिवंत करताना डोकं एकीचं आणि धड दुसरीचं जुळतं. ते डोकं ती मारी. माहूरला गेले तेव्हा नुसता तांदळा पाहिला, मुखवटाच, आणि अंगावर काटा आला. आमच्याकडे कितीतरी ठिकाणी अम्मनचं नुसतं शिरच पुजतात.

---

अबोली_७१

सगळ्यांनी लिहिलं पण बाई कवयित्रीबद्दल कुणीच नाही, म्हणून लिहिते. देवी आणि शिव यांच्यामध्ये पहिली कोण उभी राहिली असेल तर कारैक्काल अम्मैयार. अप्पर-संबंदर या शैव संतकवींच्याही आधीची, बहुधा ६व्या शतकातली. व्यापाऱ्याची बायको, नाव पुनितवती. नवऱ्याने पाठवलेल्या दोन आंब्यांतला एक तिने शिवभक्ताला वाढला. नवऱ्याने दुसराही मागितला तेव्हा तिच्या प्रार्थनेने हातात आंबा आला. नवरा इतका घाबरला की तिला सोडून गेला आणि दुसऱ्या गावी दुसरा संसार थाटला. भेट झाली तेव्हा नव्या बायको-मुलीसकट तो तिच्या पाया पडला. मग तिने शिवाकडे मागितलं, हे रूप नको, मला पेय कर, भुतीण कर.

आपल्या कवितेत ती स्वतःला कशी रंगवते बघा : सुकलेले स्तन, वर आलेल्या शिरा, खोल गेलेले डोळे, पांढरे दात, खपाटीला गेलेलं पोट, तांबडे केस, दोन सुळे, लांब नडग्या. तिरुवालंगाडूच्या मसणात शिव नाचतो आणि ही तिथे बसून गाते. कैलासावर ती डोक्याने चालत गेली, आणि ज्याला आई नाही त्या शिवाने तिला हाक मारली, "अम्मैये". आई गं.

आता संगम कविता आठवा. रणांगणावर, म्हणजे कोट्रवैच्या राज्यात, नाचतात त्या पेय बायकाच. मला वाटतं ही बाई कोट्रवैच्या मेळ्यातून उठून शिवाच्या अंगणात येऊन बसली. देवीला शिवाकडे नेणारी वाट लग्नाआधी या मसणातून गेली. आणि तिचे शब्द आधीपासून लोकांच्या ओठी होते म्हणूनच ७व्या शतकात तेवारमची, म्हणजे त्या शैव संतांची गाणी गावोगाव पोचली, असं माझं मत.

---

कावेरीकाठ

अबोली, हे मला सुचलंच नव्हतं. पेय बायकांचा दुवा अगदी पटला. टीचरम्मांना वाचून दाखवलं. त्या बराच वेळ गप्प बसल्या आणि मग आतून तिची ब्राँझमूर्ती छापलेलं जुनं कॅलेंडर घेऊन आल्या. हाडांचा सापळा, हातात टाळ, चेहऱ्यावर पोरासारखं हसू.

मंदिरांच्या बाजूने थोडं जोडते. विजयालय चोळाने ८५०च्या सुमारास तंजावूर घेतलं तेव्हा त्याने देऊळ बांधलं ते निशुंभसूदनीचं. तलवारीची देवी, कोट्रवैचीच सख्खी. १०१०मध्ये तंजावूरलाच राजराजा चोळाचं प्रचंड शिवमंदिर उभं राहिलं, पण तिथलं बृहन्नायकी या देवीचं वेगळं देऊळ पांड्यांनी १३व्या शतकात जोडलं. शिवमंदिराच्या आवारात देवीचं स्वतंत्र देऊळ, ज्याला तिरुक्कामक्कोट्टम म्हणतात, ही रीतच चोळकाळात हळूहळू रुळली. मदुरैची मीनाक्षी घ्या : तीन स्तनांची पांड्य राजकन्या, दिग्विजय करत कैलासापर्यंत गेलेली, आणि शिव दिसताच तिसरा स्तन नाहीसा होतो. कथेतच कबुली आहे की राज्य आधी तिचं होतं. आजही मदुरैत आधी मीनाक्षीला नमस्कार करतात, मग सुंदरेश्वराला.

---

सेंदूर

पेरुंदेवनारचा मुद्दा मान्य. माझ्याकडच्या प्रतीत ते नाव होतं, मी लक्ष दिलं नव्हतं. कंदुची माहिती नवीन. डिसेंबरात चिदंबरमला जातोय. नटराजाखेरीज काय बघू?

---

कावेरीकाठ

सेंदूर, तिल्लै काळी. चुकवू नका. गावाच्या उत्तरेच्या टोकाला आहे, रिक्षावाल्याला 'तिल्लै काळी अम्मन' एवढंच सांगा. कथा अशी की काळी आणि शिव यांची नाचाची पैज लागली, शिवाने पाय थेट डोक्यापर्यंत उचलला, ती बाई असल्याने तिला तसं करता येईना, ती हरली आणि रागाने गावाबाहेर जाऊन बसली. आत दोन रूपं आहेत. एक शांत, चार मुखांची. दुसरी उग्र, तिळाच्या तेलाने आणि कुंकवाने इतकी माखलेली की चेहरा शोधावा लागतो. दिव्याच्या उजेडात थोडं थांबा, डोळे सरावले की ती दिसते.

---

तंजावूरचे_पाहुणे

आणि जाताना लिंबाची माळ घेऊन जा. दारातच मिळते.